पश्चिमेची खोली

कोकिळा सिस्टरला न ओळखणारा माणूस मलकापुरात हवाच असेल, तर स्टेशनवर नुकत्याच उतरलेल्यांत शोधावा. तेहेतीस वर्षं बाईने आरोग्य खात्यात काढली. निम्म्या गावाला तिने सुई टोचली, आणि उरलेलं निम्मं ती दिसली की मागच्या दाराने पळालं. तोंडाची अशी फटकळ की एका सरपंचाला तिने भर ग्रामसभेत विचारलं होतं, बायकोच्या बाळंतपणाला नाही आलात, आता फोटोला कसे आलात? अशी ही बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली, घर बांधायला काढलं, आणि स्वतःच्या धाकट्या भावासमोर तिची दातखीळ बसली.

घर पाहावं बांधून म्हणतात. ते सख्ख्या भावाच्या हातून बांधून पाहावं, असं मात्र कोणी म्हणत नाही. ज्याने म्हणावं त्याची हिंमत झाली नसेल.

भाऊ म्हणजे चंद्रशेखर, गावाच्या तोंडी चंदू मिस्त्री. हायवेच्या बाजूला जे नवे प्लॉट पडले, त्यावरची अर्धी घरं त्याच्या हातची. वडील गेले तेव्हा कोकिळेचं नर्सिंगचं ट्रेनिंग बुलढाण्याला चालू होतं आणि चंदू सातवीत होता. आईने ताईला परत बोलवायचं ठरवलं. चंदूने दप्तर खुंटीला अडकवलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर विटा घेऊन शिडी चढला. वय वर्षं तेरा. ही गोष्ट त्याने आजवर एकदाही बोलून दाखवलेली नाही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. बोलून दाखवलेल्या उपकाराला माणूस उत्तर तरी देऊ शकतो.

तर त्या चंदूने जागेचा पहिला दगड ठेवतानाच सांगून टाकलं होतं, "ताई, तुह्या घराले परक्याचा हात लागू देणार नाई." आणि लागू दिला नाही. स्वतः, पोरगा संघर्ष, आणि घरचेच दोन-तीन गडी. मजुरीचं नाव काढलं की तो कानावर हात ठेवायचा.

घर बांधायचं ते किसनरावांसाठी. किसनराव म्हणजे कोकिळेचे यजमान, एसटीत कंडक्टर होते. तीन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. शब्द एकच उरला, "बरं". भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, माशी बसली तरी बरं. मागच्या मे महिन्यात भाड्याच्या घरात दुपारी लाईन गेली, कूलर बंद पडला. कोकिळेने कपाळाला हात लावला तर कातडी कोरडी ठणठणीत आणि तव्यासारखी तापलेली. "त्रास होऊन राह्यला का?" तिने विचारलं. किसनराव म्हणाले, "बरं." तीन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी घरी सोडताना बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं? यांचं शरीर ऊन सोसत नाही आता. पुढचा उन्हाळा थंड जागेत काढा. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही."

म्हणून घर. म्हणजे खरं तर म्हणून एक खोली, आणि तिच्याभोवती घर.

आणि ती खोली चंदूने काढली पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला, सहा फुटी खिडकीची. प्रेमानेच काढली. म्हणाला, "भाऊजीनं अख्खी जिंदगी रोड पाह्यला. आता काय भिंत पाहावं त्यायनं? पडल्या पडल्या एसट्या दिसतीन, ट्रका दिसतीन. मन रमते माणसाचं." त्यावर कोकिळा काय बोलणार? नवऱ्याचा इतका विचार तर तिच्या सासरच्या कोणी केला नव्हता. तरी ती म्हणाली, "दुपारचं ऊन येईन ना रे चंदू." तो म्हणाला, "परदा लावू. एसी लावू." "मे महिन्यात दुपारची लाईन राहते का कधी?" "अवं, होते सारं बरोबर. तू सिस्टर हायेस, मी मिस्त्री हावो."

त्याचं खरंच होतं. तोही तिला कधी सुई कशी टोचायची ते सांगायला आला नव्हता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी कोकिळा एका नव्या उपकेंद्रात लसीकरणाला गेली होती. एप्रिलची दुपार, आणि खोली गार. पंखासुद्धा हळू. तिला वाटलं कुठे तरी एसी लपवलाय. चौकशी केली तर कळलं, बुलढाण्याची प्रतीक्षा नावाची मुलगी आहे, नागपूरला शिकून आली, तिच्या सल्ल्याने बांधलंय. ऊर्जा सल्लागार म्हणतात म्हणे तिला. गावात हा शब्द कोणाला समजेना. एकाने सांगितलं लाईनबिल कमी करून देते, दुसरा म्हणाला मीटरवाली आहे. कोकिळेने तिचा नंबर मात्र जपून ठेवला. भिंती खिडकीच्या खालच्या थराला आल्या तेव्हा तिने धीर करून फोन लावला. मुलगी म्हणाली, पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही, मग तुम्ही ठरवा. पण लिंटेल पडायच्या आत ठरवा. खिडक्या-दारांवरचा तो सिमेंटचा पट्टा एकदा पडला की भोकं जिथे आहेत तिथेच राहणार.

बोलावली कधी, तर बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी मिस्त्री लोकांना सुट्टी असते. या वयात बाई भावापासून लपूनछपून माणूस भेटायला निघाली, आणि तिची तिलाच लाज वाटत होती.

प्रतीक्षा स्कूटीवर आली. पंचविशीची, चष्मा, पाठीला बॅग. होकायंत्र काढलं, टेप काढला, भिंतीवरून फिरली. पश्चिमेच्या खोलीत उभी राहून तिने एकच प्रश्न विचारला, "इथे कोण झोपणार?"

कोकिळेला ती मुलगी तिथेच आवडली. तेहेतीस वर्षं बाळंतिणीच्या घरी गेल्यावर तिचाही पहिला प्रश्न हाच असायचा. तिने सगळं सांगितलं. मुलीने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, ही खोली दुपारी एकपासून तापायला लागेल. रात्री दहापर्यंत भिंत तशीच गरम राहील. काकांची खोली मागे पूर्वेला घ्या. पश्चिमेला जिना आणि कोठी येऊ द्या, ऊन त्यांना खाऊ द्या. पश्चिमेची भिंत दोन पदरी, मध्ये पोकळी. गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे. रस्ता त्यांना सकाळी ओसरीत बसवून दाखवा."

"पोकळी काऊन?" असं विचारताविचारता कोकिळेला कळलंही. लसीचा डबा! खांद्याला लावून जन्मभर वाहिलेल्या त्या डब्याची भिंत अशीच जाड आणि दोन पदरी असते. लसीला दोन ते आठ अंश लागतात हे तिला झोपेतही पाठ होतं. माणसाला किती लागतात, हे मात्र तिला खात्याने कधी विचारायला लावलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, कोण होय ही?"

चंदू. हातात पाण्याचा पाईप. सुट्टी असली तरी नव्या भिंतींना पाणी मारायला यावंच लागतं, हे मिस्त्र्याच्या बहिणीला माहीत नसावं? माहीत होतं. पण चोराची अक्कल अशीच, दार बघतो आणि खिडकी विसरतो.

चंदूने त्रागा केला असता तर बरं झालं असतं. त्याने मुलीला जयभीम घातला, टपरीवरून चहा आणवला, तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. फक्त दोनच वाक्यं बोलला. "भिंत पोकळ ठेवाची? उंदरं संसार मांडतीन तिच्यात." आणि दुसरं, हसत हसत, "बाई, तू बुलढाण्याची, थंड घाटावरची. घाटाखालचं ऊन तुले काय समजते?" मुलगी गेल्यावर त्याने पाईप गुंडाळला, ओट्यावर ठेवला आणि सांगितलं, "तिच्याकडूनच बांधून घे ताई. शिकेल हाये. माहं सातवीचं डोकं."

दुसऱ्या दिवशी कामावर कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवणाचा डबा मात्र रोज येत होता. चंदूच्या घरून, त्याची सून मयुरी आणून द्यायची. भाकर, पिठलं, ठेचा, सगळं ताज्यातलं. रुसलेल्या माणसाने जेवण बंद केलं तर भांडता येतं. हा पठ्ठ्या रुसूनही जेवू घालत होता. कोकिळा प्रत्येक घासाला कोंडीत सापडत होती. सोडलं तर पळतं आणि धरलं तर चावतं, अशी गत. तिला राग येत होता, भावाचा नव्हे, स्वतःचा. गावभर जिची जीभ चालते तिची घरात का चालू नये?

चालत नव्हती त्याला आणखी एक कारण होतं. चंदूला पटेल असा एकच पुरावा जगात होता, आणि तो तिनेच पुरून ठेवला होता.

तीन वर्षांपूर्वी मयुरीची पहिली खेप. चंदूने येणाऱ्या नातवंडासाठी गच्चीवर नवी खोली चढवली होती. मोठ्या खिडक्या, गुळगुळीत प्लास्टर. मे महिन्यात बाळंतीण वर नेली. चौथ्या दिवशी पोर तापली. आजी रडायला लागली, संघर्ष गाडी काढायला धावला. कोकिळा पोचली आणि उंबऱ्यातच तिला कळलं. ती खोली म्हणजे भट्टी झाली होती. पोरीचं पोट गरम, आणि पावलंही तितकीच गरम; आजाराचा ताप असता तर पावलं गार लागली असती. तिने पायल म्हणजे ती नात उचलली, खाली मागच्या छपरीत आणली, कपडे काढले, ओल्या फडक्याने पुसली, मयुरीला सारखं पाजायला लावलं. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. मयुरीच्या पोलक्याला दुधाचे डाग पडत होते, इतकं दूध होतं तिला. आणि चंदू दारात उभा होता. प्लास्टर अजून नखात भरलेलं. "काय झालं, ताई?" त्याचा चेहरा पाहून कोकिळेच्या तोंडून गेलं, "काई नाई रे. दूध कमी पडलं पोरीचं. खालीच राहू दे तिले, लक्ष राहते."

एवढंसं खोटं. भावाच्या हाताची अब्रू राखायला बोललेलं. पण खोटं बोलणारा ते विसरू शकतो, ज्याच्यावर ते बसतं तो नाही. चंदूची बायको रुख्मिणी लग्नाकार्यात चारचौघींत सांगू लागली, "आमच्या सुनेले दूधच नोतं, पोर मेली असती." मयुरीने मेथीचे लाडू खाल्ले, अळिवाची खीर खाल्ली, आणि बोलणी खाल्ली. कोकिळेने प्रत्येक वेळी ऐकलं आणि विषय बदलला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ आपली आणि तिच्यात चिरडलेली बोटं दुसऱ्याची, असं ते होतं.

सहाव्या दिवशी तिने हार मानली. प्रतीक्षाला फोन करून सांगितलं, "नको बाई, राहू दे सध्या." मुलगी म्हणाली, "ठीक आहे मावशी. काकांना जपा." कोकिळेने चंदूला निरोप धाडला, कामाला ये. तो तासाभरात आला, गडी घेऊन, पेढे घेऊन. आठ दिवसांत भिंती वर चढल्या. खिडकीचं सहा फुटी भोक तयार झालं, त्यावर फळ्या ठोकल्या, सळई बांधली. उद्या सकाळी लिंटेल.

आदल्या दिवशी चंदू म्हणाला, "भाऊजीले दाखवू चाल त्यायची खोली." त्याने आणि संघर्षने किसनरावांना खुर्चीसकट उचलून आणलं आणि खिडकीसमोर ठेवलं. दुपारचे चार वाजले होते. फेब्रुवारी अजून सरला नव्हता, पण घाटाखाली ऊन कॅलेंडर बघत नाही. भोकातून ते सरळ किसनरावांच्या तोंडावर आलं. रस्त्यावरून एक एसटी गेली. "पाहा भाऊजी! अकोला गाडी होय." चंदूचा चेहरा फुलला होता. किसनरावांनी मान वळवायचा प्रयत्न केला. ती उजवीकडे वळत नव्हती. डोळे गच्च मिटले, मिटल्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"पाह्य ताई, डोयात पानी आलं भाऊजीच्या. खुश झाले."

किसनराव म्हणाले, "बरं."

कोकिळेने पुढे होऊन पदर त्यांच्या तोंडासमोर धरला. "चंदू, या खोलीत हा माणूस मरून जाईन."

मयुरी नुकतीच डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. चंदू बहिणीसमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने. "तीस वर्सं झाली मले. शंभरावर घरं बांधली. माह्या हातच्या एका तरी घरात कोणाले तरास झाला का? एक नाव सांग. तू तं घरोघरी जात होती. सांग एक, मी आता लिंटेल सोडतो."

हा माणूस मनापासून विचारत होता, आणि म्हणूनच पळायला जागा नव्हती. तिने किसनरावांकडे पाहिलं. दाराकडे, मयुरीकडे, पाहायचं मात्र तिने टाळलं.

"पायल," ती म्हणाली.

"कोणती पायल?"

"आपली पायल. तुही नात. त्या गच्चीवरच्या खोलीनं तापली ती. दूध कमी नोतं पडलं. भरपूर दूध होतं मयुरीले, मी माह्या डोयानं पाह्यलं. तुहं तोंड उतरेल दिसलं म्हून मी खोटं बोलली."

चंदू विटांच्या ढिगावर बसला. हात गुडघ्यांवर ठेवले आणि तळव्यांकडे पाहत राहिला. कोकिळेला वाटलं आता हा उठेल आणि निघून जाईल, आणि या वेळी डबाही येणार नाही. पण तो खाली पाहूनच बोलला, "त्या गच्चीवरच्या खोलीची मोठी खिडकी बी पश्चिमेचीच होय." मग पोराला हाक मारली. "संघर्ष, सळई सोड. उद्या लिंटेल नाई. भाऊजीले सावलीत घे." आणि बहिणीला, तिच्याकडे न पाहता, "लाव त्या पोरीले फोन."

जिंकली म्हणायची कोकिळा. छातीवरचा दगड उतरला, असं तिला खरंच वाटलं. जेमतेम फोन काढून नंबर लावेपर्यंत वाटलं.

मयुरी आत आली. रोजच्यासारखं तिने ओट्यावर फडकं पसरलं, डबा उघडला, सासऱ्याला भाकर वाढली, नवऱ्याला वाढली. कोकिळेसमोर ताटली ठेवली आणि तिथेच उकिडवी बसली. रडत नव्हती.

"आत्याबाई, मागच्या साली माहं ऑपरेशन तुमीच नेऊन केलं ना?"

केलं होतं. एका मुलीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणारी सून आपल्या घरात निघाली, म्हणून कोकिळेने मोठ्या अभिमानाने तिला कॅम्पला नेलं होतं. डॉक्टरांच्या हातून गुच्छ देवविला होता, फोटो काढला होता.

"तुमी पुसलं होतं, पक्कं ना, मयुरी? मी हाव म्हणली." ती भाकरीवरचा ठेचा बोटाने सारखा करत होती. "मले दुसरं पाह्यजे होतं, आत्याबाई. यायलेबी पाह्यजे होतं. पण मले वाटे, माह्यापाशी लेकरू जगत नाई. आपल्या अंगावर दूधच येत नाई त कायले उपाशी मारा एखादा जीव."

संघर्षचा घास हातात राहिला. चंदूने मान वर केली नाही.

कोकिळेने मघाशी लावलेला फोन कोणी उचलला नव्हता, आता तोच हातात वाजला. तिने तो कानाला लावला. "हां मावशी, बोला," प्रतीक्षाचा आवाज आला. "ठरलं का मग? येऊ का उद्या?"

मयुरी समोरून तिच्याकडे पाहत होती, उत्तराची वाट पाहत असावी तशी.

"हाव," कोकिळा फोनमध्ये म्हणाली. "ये."